टेबलाखालचे बूट

कॅमेऱ्याला मी टेबलाच्या वरची तेवढी दिसते:
निळा कोट, खोट्या मोत्यांचे डूल,
केसांचा एक असा फुगा की वाऱ्यालाही दाद देणार नाही.
टेबलाखाली बर्फातले बूट,
आणि बुटांभोवती वितळलेल्या पाण्याचं तळं.
तेवीस वर्षं झाली,
हे तळं बातमीत आलेलं नाही.

नमस्कार, मी मॉरीन डेलाहंट, चॅनेल सहा.
सुपीरियर सरोवरावरून वारा सुटलाय,
पुलावर उंच ट्रकांना मज्जाव.
लाँड्रोमॅटमध्ये एक हरीण शिरलं,
चार नंबरच्या ड्रायरपाशी उभं राहिलं,
पुरेशी ऊब घेतली आणि आपण होऊन निघून गेलं.
शाळेच्या बोर्डाची बैठक झाली.
निर्णय पुढच्या बैठकीत.

हवामान केर्विन सांगतो,
पण किराणा दुकानात बोलणी मी खाते.
“काल म्हणालीस तीन इंच,” बटाटे निवडता निवडता मिसेस ओयाला म्हणते,
“माझ्या पायरीवर अकरा भरले. फूटपट्टी लावून.”
मी म्हणते, सॉरी हं.
आभाळाच्या वतीने.

लोकांना वाटतं, हिला सगळं आधी कळतं.
रॉय घर सोडणार हे
बोलिंगवाल्यांना ठाऊक होतं,
औषधांच्या दुकानात ठाऊक होतं,
आमच्या गल्लीतलं बर्फ ओढणाऱ्या पोरालासुद्धा;
त्या आठवड्यात त्याने माझ्याकडून पैसे घेतले नाहीत
आणि मला वाटलं, काय गुणी मुलगा.
मला ते कळलं गुरुवारी, पावणेसहाला.
सहाला मी बॉयलर स्फोटात कोणीही जखमी नाही
असं हसून सांगितलं.

हसायचं कुठे आणि कुठवर,
हे कोणी शिकवत नाही.
मयतानंतर बास्केटबॉल असेल
तर मध्ये एक श्वास घ्यायचा,
कागद उगाच सारखे करायचे.
कागद कोरे असतात.
वाचायचं सगळं समोर काचेवर सरकत असतं,
पण रिकाम्या हातांच्या माणसावर
कोण विश्वास ठेवणार?

मंगळवारी एक नाव वाचलं.
बर्फाला भोक पाडून मासे धरणारा म्हातारा.
मार्चचं बर्फ, ते काय भरवशाचं.
अठरा सेकंदांची बातमी,
त्यात त्याची टोपडीवजा झोपडी, कुत्रा, शेरीफ,
आणि त्याचं नाव,
जे मी यरजो असं वाचलं.

रात्री स्टुडिओत फोन आला. त्याची बहीण, आउने.
मी माफीची वाक्यं जुळवत होते.
तिला ती नको होती.
म्हणाली, “शीळ घालायला करतेस तसे ओठ कर.
केलेस?
आता ओठ न हलवता ई म्हण.”
मी म्हटलं.
“जवळ आलीस. पुन्हा.”
न्यूजरूममध्ये सफाईवाला लेस्टर
पोछा धरून बघत राहिला.
एका मेलेल्या माणसाचं पहिलं अक्षर
मी नऊ वेळा गिरवलं.
“आमची आईच नीट म्हणायची,” आउने म्हणाली,
“मग शाळेत त्याचा जॉर्ज झाला, खाणीत जॉर्जी.
पाटीवर तरी खरं लिहिलंय.
पण पाटी काही बोलत नाही ना.”

चूक दुरुस्त करायला संपादकाने दिलेत
पाच सेकंद. उद्या. खेळानंतर.

घरी जाताना सिग्नल लाल.
आरशात बघून मी ओठांचा चंबू केला
आणि ई म्हटलं, ओठ न हलवता.
शेजारच्या पिकअपमधल्या माणसाने पाहिलं,
आधी दचकला,
मग ओळखलं असावं, चॅनेल सहा!
खिडकी खाली करून, त्या थंडीत,
त्याने मला एक फ्लाइंग किस परत पाठवला.

हिरवा लागला.
तो डावीकडे वळला.
मी ओठ तसेच ठेवून सरळ गेले.